एप्सम सॉल्ट: आधी पान बघा, मग चमचा उचला

एप्सम सॉल्टविषयीचे प्रश्न काही थांबत नाहीत. गुलाब फुलत नाही, टोमॅटो सडतोय, पाय दुखतात, फरशीवरचे डाग निघत नाहीत. तक्रार कोणतीही असो, कुणीतरी सांगितलेला उपाय मात्र हाच. मी माती आणि खतांचा माणूस आहे. बागेचे प्रश्न सविस्तर घेतो, घरकामाचे थोडक्यात उरकतो आणि शरीराचे डॉक्टरांकडे पाठवतो.

प्रश्न: हे मीठच आहे ना? मग स्वयंपाकात चालेल का?

नाही. हे मॅग्नेशियम सल्फेट आहे. चवीला कडू आणि पोटात गेले की रेचक.

प्रश्न: ‘गुलाबांसाठी’, ‘टोमॅटोसाठी’ आणि ‘पाय शेकण्यासाठी’ अशी वेगवेगळी पाकिटे मिळतात. कोणते घ्यावे?

पुढचे चित्र सोडा, मागचे बारीक अक्षर वाचा. ‘मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट’ एवढेच लिहिले असेल तर तिन्ही पाकिटांत एकच वस्तू आहे. त्यात मॅग्नेशियम जेमतेम १० टक्के, गंधक सुमारे १३ टक्के आणि निम्म्याहून थोडे जास्त वजन चक्क पाण्याचे. गुलाबाचे मॅग्नेशियम वेगळे आणि टोमॅटोचे वेगळे असा प्रकार नसतो. ‘निर्जल’ लिहिलेला माल मात्र वेगळा. त्यात तेवढ्याच वजनात मॅग्नेशियम दुप्पट असते, म्हणून मात्रा निम्मी करावी लागते. अंघोळीच्या सुगंधी, रंगीत मिठांपासून झाडे लांब ठेवा. त्यांतल्या काहींत साधे सोडियमचे मीठच असते आणि ते मुळांना जाळते. शरीरासाठी वापरायचे असेल तर शेतीचे पोते आणू नका, औषधी दर्जाचे घ्या.

प्रश्न: कुंडीतल्या झाडांची पाने पिवळी पडली म्हणून दर आठवड्याला एक चमचा एप्सम सॉल्ट घालते आहे. पाने हिरवी व्हायची सोडून आता कडेने करपू लागली आहेत. प्रमाण वाढवू का?

वाढवू नका. आजपासून बंद करा.

तुम्ही फोटो पाठवलात हे बरे केलेत. कुंडीच्या काठाला आतून पांढरी खरवड धरलेली त्यात स्वच्छ दिसते. तो मातीत साठलेला क्षार आहे. क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पाने कडेपासून वाळत येतात. कुंडीचे भोक मोकळे आहे ना ते बघा, मग साधे पाणी खालून भरपूर वाहून जाईपर्यंत घाला. माती थोडी सुकली की पुन्हा एकदा तसेच करा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पान पिवळे दिसले की मॅग्नेशियम कमी, हे कुणी आणि कधी ठरवले देव जाणे. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा आहे हे खरे, त्यामुळे ते कमी पडले तर पान पिवळे होते हेही खरे. पण पान पिवळे व्हायला इतर कारणे ढीगभर आहेत आणि ती जास्त वेळा आढळतात.

झाडासमोर बसा आणि पिवळेपणा कुठून सुरू झाला ते शोधा. मॅग्नेशियम झाडात फिरते. टंचाई आली की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून खरी कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग पिवळा पडतो. लिंबूवर्गीय झाडांत तर देठाकडे हिरवे त्रिकोणी पाचर शिल्लक राहते आणि बाकीचे पान पिवळे होते. हे चित्र एकदा नीट पाहिले की विसरत नाही.

तोच जाळीदार पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर संशय लोहावर घ्या. बऱ्याचदा मातीत लोह असते, पण माती किंवा पाणी अल्कधर्मी असल्याने ते झाडाला उचलता येत नाही. तिथे एप्सम सॉल्टचा काहीही उपयोग नाही. खालची पाने शिरांसकट सरसकट फिकी पडली असतील तर नत्र बघा. पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. आणि सगळ्यांत आधी मातीत बोट घाला. सतत चिखल असेल, कुबट वास येत असेल, तर मुळे कुजत आहेत आणि कोणतेही खत घातले तरी ते वायाच जाणार.

खरी कमतरता होते कुठे? हलक्या, वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमिनीत, जिथे पाऊस मॅग्नेशियम धुऊन नेतो. किंवा पोटॅश वारेमाप घातले असेल तिथे, कारण पोटॅश मुळांपाशी मॅग्नेशियमची वाट अडवते. अशा वेळी पोटॅश आवरणे हा पहिला उपाय. लक्षणे नक्की जुळली तर कुंडीतल्या झाडांवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, एवढे विरघळवून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा. आधी दोन-चार पानांवरच फवारून दोन दिवस थांबा. लिटरला १० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. फार पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. फरक पुढच्या पानांत शोधा. दोन फवारण्यांनंतरही फरक नसेल तर निदान चुकले आहे. तेव्हा तिसरी फवारणी न करता माती परीक्षणाला द्या आणि अहवाल जाणत्या कृषितज्ज्ञाला दाखवा. जमिनीतल्या बागेसाठी तर परीक्षण आधी, पुडा नंतर.

प्रश्न: टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो. लागवडीच्या खड्ड्यातच मूठभर एप्सम सॉल्ट टाकावे असे ऐकले.

ऐकलेत, पण केले नाही ना? तो डाग फळात कॅल्शियम कमी पोचल्याचा आहे. जास्तीचे मॅग्नेशियम मुळांपाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करते, म्हणजे हा उपाय रोग वाढवणारा आहे. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते, फक्त ते पाण्याबरोबर फळापर्यंत जात नाही, कारण झाड एक दिवस तहानलेले तर दुसऱ्या दिवशी बुडालेले असते. पाणी नियमित द्या, बुंध्याशी आच्छादन घाला आणि नत्राचा मारा थांबवा. तरीही डाग आले तर माती तपासा.

प्रश्न: गोगलगायी आणि तण यांवर चालते का?

नाही. तणावर व्हिनेगरबरोबर फवारतात तेव्हा पाने जळतात ती व्हिनेगरने. श्रेय मात्र मिठाला मिळते.

प्रश्न: कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच पंपात मिसळू का?

नको. दाट द्रावणात दोघांचे मिळून जिप्सम तयार होते, ते तळाशी बसते आणि नोझल तुंबते. वेगवेगळ्या दिवशी द्या.

प्रश्न: न्हाणीघरातल्या नळांवरचे पांढरे डाग आणि कपड्यांचा मऊपणा, यांसाठी वापरावे का?

फरशीवरचा साबणाचा चिकटा घासायला खरखरीतपणामुळे थोडी मदत होते, तीही ते विरघळेपर्यंत. नळावरचा क्षार निघणार नाही. त्याला सौम्य आम्ल लागते. कपड्यांचे म्हणाल तर पाणी जड होते तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. त्यात आणखी मॅग्नेशियम ओतून मऊपणा कसा येणार? साबणाचा फेस कमी होईल एवढेच.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. अंगठा सुजून लाल झालाय, आठवडाभर गरम पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून बसतात. अजून किती दिवस करावे?

एकही दिवस नाही. आजच डॉक्टरांकडे न्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. पाणी पोळते आहे हे कळतच नाही, आणि सुजलेल्या अंगठ्यातला संसर्ग आठवडाभर तुमच्यासाठी थांबत नाही. निरोगी माणसाला दमल्यावर कोमट पाण्यात पाय ठेवून बरे वाटते, पण ते बरे वाटणे मुख्यतः कोमट पाण्याचे. कातडीतून पुरेसे मॅग्नेशियम आत जाते याला भक्कम पुरावा नाही, पाकिटावर काहीही छापलेले असो.

प्रश्न: पित्ताशयातले खडे पाडण्यासाठी हे मीठ, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री प्यायचा. सकाळी खरोखर हिरवे खडे पडतात म्हणे.

पडतात ते खडे नव्हेत. तेलाचे पोटातच साबणासारखे गोळे होतात. खरे खडे जागच्या जागी राहतात, आणि एखादा सरकून नळीत अडकला तर रात्रीतून दवाखाना गाठावा लागतो. बद्धकोष्ठतेसाठीसुद्धा हे मनाने पिऊ नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातले मॅग्नेशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. गरोदर असाल किंवा आधीच कोणती औषधे चालू असतील तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न: जुन्या पुड्यातल्या खड्यांची पांढरी भुकटी झाली आहे. टाकून देऊ का?

नको. कोरड्या हवेत त्यातले थोडे पाणी उडाले आहे, बाकी काही बिघडलेले नाही. वजनाने घेताना किंचित कमी घ्या.

प्रश्न: मुलीला शाळेच्या प्रयोगासाठी स्फटिक करायचे आहेत. जमेल?

छान जमेल. खरे तर घरातला याचा मला सर्वांत आवडता उपयोग हाच. अर्धी वाटी कडक गरम पाण्यात अर्धी वाटी एप्सम सॉल्ट घालून ढवळत राहा. तळाशी थोडे न विरघळलेले राहिले तरी चालेल. भांडे फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. काही तासांत सुयांसारखे लांब स्फटिक दिसू लागतील. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावे, भांड्यावर नाव लिहावे म्हणजे कुणी पिणार नाही, आणि उरलेले पाणी कुंडीत न ओतता मोरीत सोडावे.