विचारलंत म्हणून सांगते: वाकड्या गाजरांचा घरपोच बॉक्स घ्यावा का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहतो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सध्या सहा महिन्यांसाठी सासू-सासरे आलेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने ते दिसायला खराब पण खायला चांगल्या भाज्यांच्या बॉक्सचं रेफरल दिलं, डिस्काउंट होता म्हणून मागवला. बॉक्स उघडल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं ही तर बाजार उठताना मिळते तसली भाजी, हिला घरपोच आणायचे वर पैसे कशाला द्यायचे? नवरा म्हणतो, अन्न वाया जाणं थांबतंय, चांगलं काम आहे. मला दोघांचंही पटतंय. चालू ठेवू की बंद करू? — एक सून, पिस्कॅटवे

उत्तर: पिस्कॅटवेला राहून? बंद करा. निदान सासूबाई आहेत तोवर तरी.

आता कारण सांगते. हे बॉक्स स्वस्त पडतात म्हणतात ते कुणापेक्षा हे आधी बघायचं. जाहिरातीत अमुक टक्के बचत वगैरे लिहिलेलं असतं, पण ती तुलना मोठ्या सुपरमार्केटच्या भावाशी असते, तिथे केल या पालेभाजीची एक जुडी उचलताना आपण दोनदा विचार करतो तसल्या. आपल्या पटेल ब्रदर्सशी किंवा कोपऱ्यावरच्या देशी दुकानाशी ती तुलना कुणी करत नाही. तुम्ही देशी दुकानांच्या त्या ओक ट्री रोडपासून किती लांब, पंधरा-वीस मिनिटं? तिथे शनिवारी सकाळी गेलात तर वांगी, दुधी, मिरच्या स्वतः हाताने निवडून घेता येतात, आणि तो माल काही फोटोतल्यासारखा देखणा नसतोच, वांगं वाकडं असतं, दुधीला ओरखडे असतात, म्हणजे कमी देखण्या भाज्या स्वस्तात तुम्ही आधीपासूनच घेताय, फक्त त्यासाठी कुणी तुमचं कौतुक केलं नाहीये इतकंच.

आणि बॉक्स आला तरी दुकानात जावं लागतंच ना. भेंडी, गवार, कारली, मेथी, कढीपत्ता यातलं काही त्या बॉक्समधून येईल या भरवशावर बसू नका, म्हणजे पेट्रोल वाचत नाही, वेळ वाचत नाही, वर डिलिव्हरी चार्ज, शिवाय किमान इतक्या डॉलरची ऑर्डर हवी ही अट, आणि ती अट भरून काढायला आपण काय टाकतो तर ग्रॅनोला बार आणि चॉकलेट. तुमचं शेवटचं बिल काढा, त्यातला खाऊ वजा करा, डिलिव्हरी आणि टिप मिळवा, आणि फक्त भाजी-फळांच्या पाउंडांनी भागा. पहिल्या डिस्काउंटवाल्या बॉक्सचं नको हं, दुसऱ्या-तिसऱ्याचं करा. जो आकडा येईल तो दुकानातल्या भावाशेजारी ठेवा, सासूबाईंना जास्त समजवावं लागणार नाही.

पण मी सगळ्यांना बंद करा म्हणणार नाही. माझ्या ओळखीत एक जोडपं न्यूयॉर्क राज्यात पार वर, कॅनडाच्या बाजूला राहतं, देशी दुकान दीड तासावर, हिवाळ्यात चार-चार दिवस बर्फ, त्यांना हा बॉक्स म्हणजे आधार आहे. ज्यांना ऑरगॅनिकच हवंय त्यांनाही बऱ्यापैकी परवडतं. आणि तिसरी जमात म्हणजे जे आधी भाजी बघतात आणि मग काय करायचं ते ठरवतात, अशी माणसं आपल्यात कमी. आपल्याकडे सोमवारी काय, गुरुवारी उपासाला काय हे डोक्यात ठरलेलं असतं आणि मग त्या कडू जांभळ्या रॅडिकिओचं, म्हणजे सॅलडच्या पाल्याचं, काय करायचं कुणाला कळत नाही, तो आठवडाभर फ्रिजच्या खणात पडतो. तरी काही गोष्टी आपल्या स्वयंपाकात अगदी सहज बसतात. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा. बटरनट स्क्वॉशचे घारगे लाल भोपळ्यापेक्षा चांगले होतात असं माझं मत, भांडायचं असेल तर पत्र पाठवा. स्विस चार्ड या पालेभाजीची डाळ-दाणे घालून पातळ भाजी मस्त होते, केलची पण होते पण केल जून असतो, आधी उकडून घ्या नाहीतर सासरेबुवा चावत बसतील. बीटाची पानं टाकू नका.

आता नवऱ्याचा मुद्दा, त्यात अर्धं खरं आहे. हा धंदा अमेरिकेत गेल्या दहा-बारा वर्षांतलाच. कॅलिफोर्नियात 2015 ला इम्परफेक्ट प्रोड्यूस सुरू झाली, इकडे फिलाडेल्फियात 2018 ला अभी रमेश यांनी मिसफिट्स मार्केट काढली, आणि 2022 ला मिसफिट्सने इम्परफेक्ट विकतच घेतली. मधल्या काळात इम्परफेक्टने नावातलं प्रोड्यूस काढून फूड्स केलं होतं, कारण नुसत्या वाकड्या भाज्यांवर गाडी चालत नाही, दूध, अंडी, पास्ता, कॉफी सगळं विकायला लागले. म्हणजे आज त्या बॉक्समधला बराच माल वाकडा नसतोच, तो जास्तीचा असतो, किंवा साइज लहान, किंवा पाकिटाचं डिझाइन बदललं म्हणून उरलेला.

पण वाकडा माल सगळा कचऱ्यात जात होता आणि यांनी वाचवला असंही नाही. कुरूप टोमॅटोचा सॉस होतो, सफरचंदाचा ज्यूस, बटाट्याचे काप. आपण मुलांच्या डब्यात देतो ते बेबी गाजर बघा, ती काही बाळ गाजरं नव्हेत, 1986 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या माइक युरोसेक नावाच्या शेतकऱ्याने फेकावी लागणारी मोडकी-वाकडी गाजरं कापून-तासून तो प्रकार काढला. म्हणजे वाकड्या गाजराला गिऱ्हाईक शोधणं जुनंच आहे, फक्त तासून झाल्यावर ते वाकडं होतं हे दिसत नाही. खरं नुकसान होतं ते शेतात, भाव पडला की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही मग उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवतात. त्यातलं थोडं या बॉक्सवाल्यांमुळे वाचतं हे मान्य, शेतकऱ्याला काहीतरी हातात येतं हेही मान्य.

मात्र संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. शेतात राहिलेलं गाजर निदान मातीत जातं. तेच गाजर ट्रक, कोल्ड स्टोरेज, पुठ्ठा, आइस पॅक असा प्रवास करून तुमच्या फ्रिजच्या खणात सडलं तर काय वाचलं? म्हणून नवऱ्याला सांगा, चांगलं काम करायचं असेल तर रविवारी रात्री तो खण उघडून जे आहे त्याचं सूप किंवा पावभाजी तूच कर. पावभाजीत सगळं खपतं, वाकडं सरळ कुणी विचारत नाही.

प्रश्न: बॉक्समध्ये दोन पायांची गाजरं, डागाळलेली सफरचंदं, तडकलेले टोमॅटो आले. घरात लहान बाळ आहे. खायला सेफ आहे ना? — बाळाची आई, ऑस्टिन

उत्तर: गाजराला दोन पाय फुटतात ते कोवळं मूळ खाली जाताना दगड किंवा घट्ट मातीचं ढेकूळ लागलं म्हणून, बाकी काही नाही, फक्त सोलताना वैताग येतो आणि फाट्यातली माती नीट धुवावी लागते. सफरचंदावरचा तपकिरी खरखरीत थर हा फुलोऱ्यानंतरच्या थंडी-दमटपणाचा, संत्र्यावरचे राखाडी ओरखडे वाऱ्यात फांदी घासल्याचे. काकडी वाकते ती बहुतेक परागीभवन नीट झालं नाही किंवा पाणी कमी पडलं म्हणून. काकडीवरून आठवलं, युरोपात 1988 पासून नियमच होता, वरच्या दर्जाच्या काकडीला 10 सेंटिमीटर लांबीमागे 10 मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालणार नाही! 2009 मध्ये तो काढून टाकला. हसू येतं पण व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर सरळ काकड्या खोक्यात जास्त बसतात.

तडकलेला टोमॅटो मात्र वेगळी गोष्ट. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की साल फाटते, भेग सुकून बंद झालेली असेल तर त्याच दिवशी वापरा, ओली असेल, वास येत असेल किंवा बुरशी दिसत असेल तर टाका. मऊ फळं, बेरी, टोमॅटो यांना बुरशी लागली की कापून उरलेलं खायचं नाही, अख्खंच टाकायचं. गाजर-कोबीसारखं टणक असेल तर बुरशीच्या आजूबाजूचा इंचभर भाग काढून चालतं, पण बाळासाठी मी तेही करणार नाही. आणि बटाटा हिरवा पडलेला असेल तर तो दिसण्यातला दोष नाही हे पक्कं लक्षात ठेवा, त्यात सोलनिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं, शिजवून ते जात नाही. बाळाच्या वरण-भातात तो अजिबात नको. असला माल आला की फोटो काढून कंपनीला पाठवा, क्रेडिट मागा. कमी देखणं घ्यायचं कबूल केलंय आपण, सडकं नाही.

प्रश्न: मुलगा अमेरिकेतून परत आलाय, पुण्यात असे बॉक्स घरपोच द्यायचा स्टार्टअप काढतो म्हणतोय. चालेल का हो? — काळजीत असलेले बाबा, कोथरूड

उत्तर: बाबा, अडचण अशी आहे की आपल्याकडे दुय्यम मालाला गिऱ्हाईक आधीपासूनच आहे. कांद्यात मोठा माल वेगळा, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, तिचाही लिलाव होतो आणि तीही विकली जाते. एक्सपोर्टच्या मापात न बसलेली द्राक्षं लोकल मार्केटला येतात, काही बेदाण्याला जातात. डागी किंवा बारका हापूस सीझनच्या शेवटी कॅनिंगला जातो आणि आपण वर्षभर डब्यातला आमरस म्हणून तोच खातो. तेल्या रोगाचे डाग पडलेलं डाळिंब गाडीवर निम्म्या भावात मिळतं, दाणे आतून चांगले असले तर लोक आवडीने घेतात. आणि संध्याकाळी मंडईत उरलेल्या भाजीचे वाटे लावतात ते वेगळंच. म्हणजे प्रत्येक प्रतीला तिचा भाव लागलेला असतो, अमेरिकेतल्या सुपरमार्केटसारखं देखणं तेवढंच शेल्फवर असं आपल्याकडे अजून पूर्ण झालेलं नाही.

मग त्या उतरलेल्या भावात पुन्हा खोका, डिलिव्हरीचा मुलगा, ट्रॅफिक आणि उन्हाळ्यातली घट हे सगळं बसवायचं म्हणजे मार्जिन कुठून येणार? घरोघरी देण्यापेक्षा मेस, केटरर, पोळी-भाजी केंद्रं यांना रोज क्रेटने माल दिला तर काहीतरी जमेल असं मला वाटतं, तिथे भाजी चिरूनच जाते त्यामुळे आकाराला कुणी नाव ठेवत नाही आणि एका फेरीत शंभर किलो उतरतो. मुलाला आधी काही दिवस पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात पाठवा, आडत्याच्या गाळ्यावर नुसतं उभं राहू दे, कुठल्या प्रतीचा माल कुणाच्या टेम्पोत चढतो ते लिहून आणायला सांगा. ॲप नंतर.