शेजारच्या वृद्धेसाठी तक्रार कोण करू शकतो?

प्रश्न : इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी 72 वर्षांच्या एक विधवा बाई राहतात. 2021 साली त्यांनी घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केले. आता मुलगा आणि सून कामावर जाताना त्यांना मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावतात आणि त्यांच्या जेवणाचीही आबाळ होते. मी विषय काढताच मुलाने बदनामीच्या दाव्याची धमकी दिली. माझे त्यांच्याशी काही नाते नाही. मी तक्रार करू शकतो का?

उत्तर : करू शकता. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी एकाच घरात मुलाकडून छळ सोसणारी आईही त्यात येते, आणि असा छळ होत असल्याचे मानण्यास ज्याला कारण आहे अशा कोणाही व्यक्तीला कलम 4 नुसार संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) तशी माहिती देता येते. ती सद्भावनेने दिलेली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस त्यात कारवाई करू शकतात. त्यामुळे कुलूप लागलेले असतानाच 112 वर फोन करणे अधिक परिणामकारक ठरेल.

बदनामीच्या धमकीने बिचकू नका, पण सावध राहा. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही, असा अपवाद न्याय संहितेच्या बदनामीविषयक कलम 356 मध्येच आहे. तोच मजकूर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलात, तर हे संरक्षण राहणार नाही. (दुर्दैवाने बहुतेकांना आधी तेच सुचते.) अर्जात स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच तारीखवार लिहा, सुनेच्या स्वभावावर मते मांडू नका, आणि कार्यालयातून पोच अवश्य घ्या.

निर्वाह आणि घर यांबाबत मात्र आपला अधिकार मर्यादित आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यानुसार निर्वाहाचा अर्ज बाईंनी स्वतः एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) अध्यक्षतेखालील अधिकरणाकडे करायचा असतो. त्या तसे करण्यास असमर्थ असतील, तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती तो करू शकते. म्हणून त्यांच्या सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र घ्या. त्यांना भेटूच देत नसतील, तर एसडीएमना लेखी कळवा, कारण अधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार आहे, जरी ते ती घेईलच असे नाही.

बक्षीसपत्राचा प्रश्न याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 चा आहे. आईला सांभाळण्याच्या अटीवर घर दिले होते आणि मुलाने ती मोडली असे सिद्ध झाले, तर त्यांच्या इच्छेवरून ते रद्द होऊ शकते. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचे वचनपत्र वेगळ्या कागदावर दिले होते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बक्षीसपत्रात अट नाही म्हणून तिच्याविरुद्ध निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये तो फिरवून घर तिला परत देण्याचा आदेश दिला. तेव्हा बाईंना एकट्यात गाठून असा कागद आहे का, एवढे विचारा. पण घर परत मागायचे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी होकार दिला, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून त्यांना वकील मोफत मिळेल, कारण महिलांना तेथे उत्पन्नाची अट लागू नाही.