रिट्रॅक्टेबल ब्लॉक झटका दिल्यावर लॉक होतो, मग तो ठीक समजायचा का?

रिट्रॅक्टेबल ब्लॉक म्हणजे दोर आपोआप आत ओढून घेणारी आणि माणूस पडला की लॉक होऊन त्याला झेलणारी पेटी. तुम्ही विचारलंय की पत्र्यावर चढण्याआधी दोराला झटका दिला, ब्लॉक लॉक झाला, एवढं तपासणं पुरेसं आहे का. नाही. नाशिकला अंबड एमआयडीसीत मी सेफ्टी बघतो. पावसाळ्याआधी शेडचे गळके पत्रे बदलताना हे ब्लॉक रोज हाताखालून जातात.

झटक्याने आतला खटका पकडतो एवढंच कळतं. ब्लॉकने आधीच कुणाला झेललंय का, ते हुकाजवळ बघा. बऱ्याच मॉडेलांत तिथे इंडिकेटर असतो. तो सुटलेला दिसला की ब्लॉक बाद. 'आजचा दिवस चालवून घेऊ' हे ऐकायचंच नाही.

मग दोर पूर्ण बाहेर काढा. वायर रोप असेल तर चामडी हातमोजे घालून सुती फडक्यातून हळूहळू सरकवा. जिथे धागा अडकतो तिथे तार तुटलेली असते. आमच्याकडे एक ब्लॉक वरून चकचकीत होता, आतले शेवटचे दोन मीटर गंजलेले. तेवढा दोर कधी कुणी बाहेर काढलाच नव्हता. परत सोडताना हातात धरूनच आत जाऊ द्या, मोकळा सोडू नका. आणि हेल्पर लोक दोराला गाठ मारून ठेवतात, ते दिसलं की तिथेच थांबवा. गाठीमुळे दोर आत जात नाही, ढिला राहतो, आणि ढिला दोर म्हणजे तेवढं जास्त पडणं.

आता खरी मेख. खटका वेगावर चालतो. ढाळाच्या पत्र्यावरून माणूस हळूहळू घसरला तर दोर सुटतच राहतो, लॉक होत नाही. युरोपच्या ईएन ३६० या मानकाप्रमाणे ब्लॉकने २ मीटरच्या आत थांबवायचं, झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचा. पण हे ब्लॉक डोक्यावर टांगलेला असताना. पायाशी अडकवायचा तर तसा शिक्का असलेलाच घ्या, नाहीतर पत्र्याची धार दोर कापते. बाजूला फार लांब गेलात तर पडताना झोका खाऊन कॉलमवर आपटाल. आणि खालची मोकळी जागा जमिनीपासून मोजू नका, मध्ये क्रेनचा गर्डर असतो.

बॉडी स्वतः उघडू नका, आत ताणलेली स्प्रिंग असते. बाद ब्लॉकला टॅग लावून कुलपात ठेवा. स्टोअरच्या रॅकवर ठेवलेला दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस उचलून नेतो.