पाइपाला चुंबक बांधला की गॅसचं बिल खरंच कमी होतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही म्युनिकजवळ रो हाउसमध्ये राहतो, खाली-वर दोन्हीकडे अंडरफ्लोर हीटिंग (फरशीखालच्या पाइपांत गरम पाणी) आहे, गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर. मागच्या आठवड्यात एक माणूस दारात आला, गोड बोलून मॅनिफोल्डचं (गरम पाणी जिथून खोल्याखोल्यांच्या पाइपांत वाटलं जातं त्या जोडणीचं) कपाट उघडायला लावलं आणि मग एक स्टीलचा डबा दाखवला. पाइपाला बाहेरून क्लॅम्पने बसवायचा, कापाकापी नाही. म्हणे आतल्या चुंबकामुळे पाण्याच्या रेणूंचे गठ्ठे सुटतात, उष्णता फरशीत लवकर उतरते आणि गॅस 30 टक्क्यांपर्यंत वाचतो. किंमत 1,490 युरो. डब्यावर सीई आहे, पत्रकावर ट्यूफ या तपासणी संस्थेचा शिक्का आहे, आणि शेजाऱ्यांनी बसवलाय तर त्यांचं बिल यंदा खरंच कमी आलंय. नवरा म्हणतो घेऊन टाकू. मला पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये.
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : नवऱ्याला जरा थांबवा. चुंबकाचा विषय आधी बाजूलाच ठेवू, कारण रेणूंवर वाद घालायला लागलात की तो माणूस अजून दोन पत्रकं काढणार. त्याला फक्त एवढंच विचारायचं, की वाचलेली ऊर्जा नेमकी कुठून वाचते ते दाखव.

तुमच्या घरात गॅस कशाला जळतो? भिंती, खिडक्या, छप्पर आणि आत-बाहेर होणारी हवा यातून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी परत भरायला. समजा 12 चौरस मीटरची खोली आहे, बाहेर थंडी आहे आणि आत 21 अंश ठेवायला 600 वॅट लागतायत, तर दर चौरस मीटरला 50 वॅट झाले, आणि तेवढे द्यायला फरशीचा पृष्ठभाग साधारण 26 अंश असला की पुरतो. आता पाइपाला चुंबक बांधा नाहीतर लिंबू-मिरची बांधा, भिंतीतून जाणारे 600 वॅट काही कमी होत नाहीत, कारण भिंतीला त्या डब्याची खबरच नाही.

बरं, क्षणभर त्याचं म्हणणं खरं धरू, पाण्यातून फरशीत उष्णता खरंच सोपी जायला लागली. मग काय होईल? तेवढ्याच उबेला पाणी थोडं कमी गरम लागेल, म्हणजे 36 च्या जागी 35 अंश समजा. हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) असता तर पाण्याच्या तापमानात दर अंशामागे दोन-अडीच टक्के वीज वाचली असती. पण तुमच्याकडे कंडेन्सिंग बॉयलर आहे, त्याची गोम ही की परतीचं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असलं की धुरातली वाफ पाणी होऊन उष्णता परत मिळते, आणि अंडरफ्लोरला परतीचं पाणी तिशीच्या आसपासच असतं, म्हणजे तो फायदा तुम्ही आत्ताच खाताय. अजून एका अंशाने हाती फारसं काही लागत नाही. शिवाय पाण्याकडून पाइपाकडे जाताना होणारा अडथळा मुळातच नगण्य असतो, खरा अडथळा वरचं स्क्रीड (पाइपांवरचा सिमेंटचा थर), टाइल किंवा लाकूड आणि फरशीवरून हवेत जाणं इथे असतो. म्हणजे त्याचा दावा जसाच्या तसा मान्य केला तरी 30 टक्के कुठून आणणार?

चुंबकाने चुना धरत नाही असंही हे लोक सांगतात. हीटिंगचं पाणी बंद चक्रात फिरतं, तेच तेच पाणी वर्षानुवर्षं, त्यामुळे पहिल्यांदा भरलेल्या पाण्यात जेवढा चुना होता तेवढाच, नवा येत नाही. हां, लोखंडाचा काळा गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर ही वेगळी वस्तू आहे, तो पाइपाच्या आत, पाण्याच्या वाटेत बसतो, आणि उघडला की काळा चिखल डोळ्यांना दिसतो. ती कामाची चीज आहे. दोन्हींत चुंबक आहे म्हणून गल्लत करू नका, विकणाऱ्यांना ती गल्लत हवीच असते.

शिक्क्यांचं म्हणाल तर सीई हा बनवणाऱ्याने स्वतःच लावलेला असतो, युरोपातले सुरक्षेबिरक्षेचे नियम पाळलेत एवढाच त्याचा अर्थ, बचतीशी संबंध शून्य. ट्यूफचा शिक्का बघितलात की खालचं बारीक वाचा. कधी तो कंपनीच्या कारभाराचा असतो, कधी विजेच्या सुरक्षिततेचा. रिपोर्ट नंबर मागा, आणि त्यात काय मोजलं, कुठल्या घरात, किती दिवस, ते बघा. नंबर मागितल्यावर माणूस घाईत असतो असा माझा अनुभव आहे.

राहिले शेजारी. त्यांचं बिल कमी आलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे! पण धरा, गेल्या हिवाळ्यात 12,000 युनिट (किलोवॅट-अवर) गॅस लागला आणि थंडीचे डिग्री-डे (किती दिवस, किती थंडी पडली याचं माप) 3,400 होते, यंदा 10,500 युनिट आणि डिग्री-डे 3,000. बिल साडेबारा टक्क्यांनी उतरलं, पण भागाकार करून बघा, दोन्ही वर्षी साडेतीनच येतात. म्हणजे थंडी कमी पडली, बस्स. डिग्री-डेचे आकडे तुमच्या गावाचे ऑनलाइन फुकट मिळतात. (अंघोळीचं पाणी त्याच बॉयलरवर असेल तर उन्हाळ्यातला वापर आधी वजा करा, नाहीतर हिशोब फसतो.)

आणि अजून एक, शेजाऱ्यांना विचारा की डबा बसवायला आलेल्याने त्या दिवशी आणखी काय केलं. बऱ्याचदा हाच माणूस जाता जाता हवा काढतो, मॅनिफोल्डवरचे फ्लो ठीक करतो आणि बॉयलरचा हीटिंग कर्व्ह (बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम करायचं ते ठरवणारं सेटिंग) एक पायरी खाली आणतो. बचत होते ती याच्याने, श्रेय डब्याला.

मग तेच आधी करून घ्या ना. मॅनिफोल्डवर छोट्या काचेच्या नळ्या असतात बघा, आत एक काडी वरखाली होते, मिनिटाला किती लिटर ते तिथे कळतं. नळ्या तपकिरी-काळ्या झाल्या असतील तर गाळ आहे, पाइप धुऊन घ्यायला लागतील. सगळ्या नळ्या एकाच आकड्यावर असतील तर कोणी बॅलन्स केलेलंच नाही, कारण हॉलमधला लांब पाइप आणि बाथरूममधला छोटा पाइप यांना सारखं पाणी कसं चालेल? तिथल्या तंत्रज्ञाला हायड्राउलिशर आबग्लाइश (म्हणजे प्रत्येक पाइपाला लागेल तेवढंच पाणी जुळवून देणं) हवंय म्हणून सांगा, बरोब्बर कळेल त्याला. मग हीटिंग कर्व्ह थोडा खाली करा आणि दोन-तीन दिवस थांबा, स्क्रीड जड असतं, आज बदललेलं आजच कळत नाही. तटस्थ सल्ला हवा तर फरब्राउखरत्सेंत्राले, म्हणजे जर्मनीतलं ग्राहक सल्ला केंद्र, आहेच, त्यांना काही विकायचं नसतं. आणि हे छापून येईपर्यंत नवऱ्याने सही केलीच असेल तर दारात झालेल्या अशा खरेदीला वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत कारण न देता परत करता येतं, लेखी कळवा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये स्लाउला (Slough) नवीन फ्लॅट घेतलाय, बाथरूमच्या टाइल्सखाली इलेक्ट्रिक मॅट आहे. सॉकेटमध्ये लावायचा एक 'पॉवर सेव्हर' मिळतोय, मॅटची वीज 40 टक्के कमी करतो म्हणे. घेऊ का?
– स्लाउहून एक दादा

उत्तर : नको. इलेक्ट्रिक मॅट म्हणजे नुसती तापणारी तार, जेवढी वीज आत जाते तेवढी सगळी उष्णता होते, त्यात सुधारायला जागाच नाही. त्या डब्यात बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरी कामी येणारी किती, ते प्रमाण) सुधारतो हे खरं, पण तो मोटरसारख्या वस्तूंचा, तापणाऱ्या तारेचा पॉवर फॅक्टर आधीच एक असतो, आणि घरगुती मीटर मोजतं ते किलोवॅट-अवर, म्हणजे खरी वापरलेली वीज. आपल्याकडेही सेल लागला की ऑनलाइन हाच डबा येतो, माझ्या मावशीच्या फ्रिजमागे पण एक दिवा लुकलुकतोय, कितीदा सांगून झालं. स्वस्तातली अशी वस्तू चोवीस तास सॉकेटमध्ये नसलेलीच बरी.

तुमची मॅट साधारण 150 वॅट प्रति चौरस मीटरची असेल, 3 चौरस मीटर म्हणजे 450 वॅट, रोज दोन तास लावलीत तर 0.9 युनिट. वाचवायचं तर तास कमी करा, फ्लोअर सेन्सरवाला टायमर थर्मोस्टॅट घ्या. मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड असेल तर फरशी लवकर तापते, पण टाइल्स बसल्यावर आता ते गेलं.

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. इथे अंडरफ्लोरच्या मॅनिफोल्डला वेगळा पंप आहे, तो उन्हाळ्यातसुद्धा घूंऽऽ करत चालूच असतो. 60 युरोचा 'पंप स्विच' मिळतो, पंपाची वीज 80 टक्के वाचते आणि गॅस 15 टक्के असं लिहिलंय. हेही फसवंच का?
– एक वाचक, आइंडहोवन

उत्तर : नाही हो, ही चांगली वस्तू आहे, आणि का चांगली आहे ते लगेच सांगता येतं. पाइपाला सेन्सर लागतो, गरम पाणी यायला लागलं की पंप चालू, थंड झालं की थोड्या वेळाने बंद, आणि उन्हाळ्यात अडकून बसू नये म्हणून रोज काही मिनिटं फिरवतो. वीज वाचते ती पंप बंद असतो म्हणून, गूढ काही नाही.

फक्त 80 टक्के कशाचे ते बघा. जुना पंप 70 वॅटचा असेल तर वर्षभर अखंड चालून 613 युनिट खातो, 80 टक्के म्हणजे 490 युनिट, युनिटला 25 सेंट धरले तरी 120 युरोच्या वर, एका वर्षात स्विच फिटला. पण पंप नवीन 15 वॅटचा असेल तर सगळं मिळून 131 युनिट, वाचतील ते 105, म्हणजे 26 युरो. तेच 80 टक्के! तेव्हाही घ्यायला हरकत नाही, वसूल व्हायला दोन वर्षांच्या वर लागतील इतकंच. गॅसच्या 15 टक्क्यांची ओळ मात्र पेनाने खोडा, पंप थांबल्याने घराची उष्णता कमी जात नाही.

घ्यायच्या आधी पंपावरची प्लेट बघा, त्यावर वॅट लिहिलेले असतात, आणि तुमची फरशी उन्हाळ्यात हीट पंपाने थंड करायला वापरत असाल तर दुकानदाराला ते आधी सांगा, कारण साधा स्विच फक्त गरम पाणी ओळखतो, तो पंप बंदच करून टाकेल.