बाबांच्या रक्तात ‘बँड’ निघाला, म्हणजे कॅन्सर का?

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा ६८ वर्षांचे. दोनेक वर्षांपासून पाय बधिर झालेत, चप्पल पायातून निसटते तरी त्यांना कळत नाही, बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. शुगर नॉर्मल. बी-१२ ची इंजेक्शनं घेऊन झाली, काही फरक नाही. आता न्यूरोच्या डॉक्टरांनी रक्तात आयजीएमचा बँड आहे, अँटी-मॅग पॉझिटिव्ह आहे असं सांगितलं आणि ब्लड कॅन्सरवाल्या डॉक्टरांकडे पाठवलंय. घरात सगळे हादरलेत. हे आनुवंशिक असतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी कॅन्सरचं बोलू, कारण झोप त्यानेच उडालीय. बँड म्हणजे रक्तातल्या पेशींचा एकच गट एकाच छापाची अँटीबॉडी (जंतूंशी लढणारं प्रोटीन, आयजीएम हा त्याचाच एक प्रकार) बनवत सुटलाय एवढंच, अमेरिकेत मिनेसोटातल्या एका पाहणीत पन्नाशीपुढच्या साधारण ३ टक्के लोकांत असा बँड सापडला होता आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. वर्षाला साधारण शंभरात एकाचं पुढे ब्लड कॅन्सरमध्ये रूपांतर होतं, म्हणून हिमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतात. जा, घाबरून नको पण जा.

बाबांच्या बाबतीत ही अँटीबॉडी नेमकी नसांवरच्या मायलिनच्या आवरणातल्या मॅग नावाच्या प्रोटीनला चिकटते, मग आवरणाचे थर सुटायला लागतात आणि सुरुवात सगळ्यात लांबच्या टोकापासून म्हणजे पावलांपासून होते. डोळे मिटले की तोल जातो तो यामुळेच, पाय कुठे टेकलेत ही खबर मेंदूला पोचत नाही, उघड्या डोळ्यांनी माणूस निभावून नेतो. पुढे काहींचे हात थरथरतात, चहा बशीत सांडतो. आपल्याकडे पाय बधिर म्हटलं की शुगर नाहीतर बी-१२, यापलीकडे कुणी बघतच नाही हो! बी-१२ ची लेव्हल नॉर्मल असेल तर ती इंजेक्शनं आता बास. आणि बँड लहान असला तर इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तातली प्रोटीन्स वेगळी करून बघणाऱ्या साध्या टेस्टमध्ये सुटतो, इम्युनोफिक्सेशन ही जास्त बारकाईची टेस्ट करावी लागते, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवा.

औषध लगेच लागेलच असं नाही. हा आजार बहुधा कासवाच्या चालीने जातो, चालणं-फिरणं ठीक असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. त्रास वाढत असेल तर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब हे औषध देतात, आपल्याकडे भारतीय कंपन्यांचंही मिळतं, पण खरं सांगायचं तर निम्म्याहून कमी लोकांनाच फायदा होतो, तोही कळायला काही महिने जातात, आणि क्वचित सुरुवातीला त्रास उलट वाढतो. नुसत्या स्टिरॉइडचा सहसा उपयोग होत नाही. रिटुक्सिमॅबआधी हेपटायटिस बी ची टेस्ट झालीच पाहिजे, दबलेली कावीळ उसळू शकते. कुणी विसरलं तर तुम्ही आठवण करा.

आनुवंशिक म्हणाल तर नाही, तुम्हा भावंडांना टेस्टची गरज नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्री पॅसेजमध्ये लाइट मात्र आजच लावा. वजन उतरायला लागलं, गाठी आल्या, रात्री घाम फुटायला लागला किंवा पायातली ताकद पटापट कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.