पत्रपेटीवर नाव नव्हतं

"मॅडम, लेकरू रोज रडतंय. जाऊन तीन आठवडे झाले. कर्ज काढून पाठवलंय, ते फेडता येईल. पण तिकडं एकटीनं काही करून घेतलं तर? परत बोलवून घेऊ का?"

भाऊबीजेच्या रात्री आम्हा समुपदेशकांकडे आलेला हा निरोप लातूर जिल्ह्यातल्या एका आईचा. मुलगी 23 वर्षांची, मेकॅनिकल इंजिनीअर, जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्ससाठी गेलेली. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत. प्रश्नात बदलण्यासारखं काही नाही, कारण दर ऑक्टोबरात तो याच शब्दांत येतो. कधी आईकडून येतो, कधी मुलांकडूनच: "सगळ्यांना जमतं, मलाच का जमत नाही?"

आधी एक गैरसमज. परदेशी जाण्याआधीच्या मार्गदर्शन वर्गांत फळ्यावर हमखास एक वक्ररेषा काढतात: पहिला महिना मजेचा, मग घसरण, मग चढण. ही कल्पना जुनी आहे. संशोधक लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांवरून ती मांडली आणि ओबर्ग यांच्या 1960 च्या लेखाने 'कल्चर शॉक' (परक्या देशात गेल्यावर बसणारा धक्का) हा शब्द सर्वतोमुखी केला. पुढे 1998 मध्ये कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांकडे पोहोचल्यापासून लक्ष ठेवलं, तेव्हा सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. मजेचा महिना काही सापडला नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचंही असंच असतं. पण फळ्यावरची रेषा डोक्यात बसलेली असल्याने चौथ्या दिवशी रडू आलं की मूल धरून चालतं, आपल्यातच खोट आहे.

24 ऑक्टोबरला मुलीशी व्हिडिओवर पहिलं बोलणं झालं. "कसं वाटतंय" हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवतो. त्याने रडू येतं, हाती काही लागत नाही. त्याआधी साधी विचारपूस: काल किती वाजता झोपलीस, कितीला उठलीस, गरम काय खाल्लंस, समोरासमोर शेवटचं कुणाशी बोललीस, हाती पैसे किती आणि टपाल काय काय आलं. उत्तरं अशी होती: झोप पहाटे तीनला, उठणं अकराला. गरम म्हणजे मॅगी. समोरासमोर बोलणं, चार दिवसांपूर्वी दुकानातल्या बाईला 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हटलं तेवढंच. पैसे, फॉरेक्स कार्डावर 70 युरो. टपाल, काहीच नाही.

हे शेवटचं 'काहीच नाही' ऐकून आम्ही तिथेच थांबलो. 9 ऑक्टोबरला तिने अनमेल्डुंग, म्हणजे महापालिकेत पत्त्याची नोंदणी केली होती. दुसऱ्या दिवशी बँकेत चालू खातं उघडलं होतं. जर्मनीत एवढं केल्यावर दोन आठवड्यांत पत्रपेटी रिकामी राहणं शक्यच नाही. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, बहुधा वेगळ्या दिवशी. आरोग्य विम्याचं कार्ड येतं, 11 अंकी करक्रमांक येतो. तो देश अजून टपालावर चालतो, आणि ॲपवर वाढलेल्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

तिला म्हटलं, फोन घेऊन खाली जा आणि तुझी पेटी दाखव. वसतिगृहाच्या दाराशी राखाडी पत्र्याच्या पेट्यांच्या रांगा. प्रत्येकीवर छोटी पट्टी, त्यावर आडनाव. हिच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव, तेही अर्धं खरवडलेलं.

आपल्याकडे पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर 302, तिसरा मजला, अमक्या दवाखान्याच्या मागे. जर्मन पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. रस्ता, घराचा क्रमांक, पिनकोड, शहर, बस. इमारतीत साठ बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. नाव सापडलं नाही की 'प्राप्तकर्ता माहीत नाही' असा शेरा मारून पत्र परत. बँकेचं कार्ड गेलं तसं परत आलं होतं, पिनही.

त्यात आपल्या नावांची आणखी एक भानगड असते. मराठी पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. एखादं कार्यालय तिन्ही नावं छापतं, एखादं पहिलं आणि आडनाव एवढंच, आणि ऑनलाइन अर्जात रकाने चुकले असतील तर वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं. म्हणून पट्टीवर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहायचं, आडनाव मोठ्या अक्षरांत. त्या संध्याकाळी तिने कागदावर काळ्या पेनने लिहून वरून पारदर्शक टेप लावली. कायमची पट्टी वसतिगृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभालीचा माणूस बसवून देतो. त्याची वेळ दारावर लिहिलेली असते, त्याच वेळेत जायचं. सोमवारी, 27 तारखेला, पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन बँकेत जाऊन कार्ड आणि पिन पुन्हा पाठवायला सांगायचं. तोंडी सांगून न थांबता त्यांच्या नोंदीतलं नाव आणि पत्ता पडद्यावर बघून घ्यायचा.

पैशाचं कोडंही इथेच सुटलं. विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे फक्त मासिक हप्त्याने पैसे देणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 मिळतात. पण आपोआप नाही. तिथे पोहोचल्यावर ते खातं सुरू करावं लागतं, त्यासाठी बहुतेक ठिकाणी पत्त्याची नोंदणी आणि तिथलं चालू खातं लागतं. हिचा ऑक्टोबरचा हप्ता चालू खात्यात येऊन पडला होता, काढायला कार्ड नव्हतं. बापाने कर्ज काढून भरलेले पैसे असताना मुलगी मॅगीवर राहत होती आणि घरी पैसे मागायचे कसे म्हणून रात्रभर जागत होती. आईला रडणं ऐकू येत होतं, त्यामागचे 70 युरो माहीत नव्हते.

यावर कुणी म्हणेल, हे समुपदेशन कसलं, ही तर कारकुनी. असेल. पण पहिल्या सहा आठवड्यांत मनाचा म्हणून आलेला त्रास आम्ही आधी कामांच्या यादीवर घासून बघतो. अडकलेलं काम दिसत नाही, त्याची भीती तेवढी दिसते, आणि मूल तिला स्वतःचा कमकुवतपणा असं नाव देतं. ती बाजूला काढल्यावर जे उरतं, ते खरं घरच्या आठवणीचं दुःख. त्याच्यावर इलाज वेगळा.

तारखांचंही बघा. मुलगी पोहोचली 2 ऑक्टोबरला संध्याकाळी, ऐन दसऱ्याला. 3 तारखेला जर्मन एकीकरण दिन, सगळं बंद. शनिवारी कार्यालयं बंद, रविवारी दुकानंही. घरी पोरं सोनं वाटत होती आणि ही नव्या खोलीत, रजई नसलेल्या गादीवर जॅकेट पांघरून झोपली होती. वसतिगृहात पलंग, टेबल, कपाट मिळतं, अंथरूण-पांघरूण बहुधा नाही. पुढे जाणाऱ्यांनी निदान एक चादर आणि शाल हातातल्या सामानात ठेवावी, आणि जमल्यास सोमवारी-मंगळवारी पोहोचावं.

मग झोप. हिचं घड्याळ जर्मनीचं होतं, दिवस लातूरचा. आई साडेपाचला उठते तेव्हा तिकडे रात्रीचे दोन. आईचा चहा होईपर्यंत जागायचं, मग तासभर बोलायचं, तीनला झोपायचं. अकराला उठेपर्यंत सकाळचं लेक्चर गेलेलं, उन्हाचे तीन-साडेतीन तास वाया. संध्याकाळी सगळ्यांचे ग्रुप ठरलेले, त्यात ही नाही. म्हणून रात्री पुन्हा आईच. या फेऱ्यात माया आहे, म्हणून तो तोडताना आईलाच विश्वासात घ्यावं लागतं.

ठरलं ते असं. व्हिडिओ कॉल जर्मनीतल्या दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडे साडेचारला, वडिलांच्या दुकानातल्या चहाच्या वेळी, आणि वीस मिनिटं. आठवड्यातून चार दिवस. बाकी दिवस आवाजी निरोप, ऐकायचा तेव्हा ऐकावा. दोनच दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, तिथली घड्याळं एक तास मागे जाणार होती आणि अंतर साडेतीनवरून साडेचार तास होणार होतं. हे घरी आधीच सांगून ठेवलं, नाहीतर "आज फोन का नाही उचलला" यावरून नवं रामायण.

उठणं आठला, काही झालं तरी. झोपण्याची वेळ ठरवून पाळता येत नाही, उठण्याची येते. उठल्यावर तासाभराच्या आत वीस मिनिटं बाहेर, एल्बे नदीच्या काठाने किंवा नुसतं ट्राम स्टॉपपर्यंत, ढग असले तरी. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. अकराला उठणाऱ्याला उजेड मिळणार कधी? ही सवय नोव्हेंबरच्या आधीच लागलेली बरी.

जेवण दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयात, विद्यार्थी दरात. शाकाहारी ताट असतं, चव बेताची. पण तिथे रांगेत उभं राहावं लागतं आणि समोर कुणीतरी बसतं. रात्री खोलीवर वरण-भात. फोडणी करताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद, कारण खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात. तो वाजून साठ जण खाली उतरले की मुलगी पुन्हा आठ दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.

माणसांचं मात्र घाईने होत नाही. "मित्र कर" हा सल्ला निरुपयोगी. आम्ही सांगितलं, त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच वेळी बस. दहादा दिसलेला चेहरा अकराव्यांदा आपणहून बोलतो. भारतीय मुलांचा ग्रुप मिळाला तर उत्तम, पण पहिल्या महिन्यात संध्याकाळी फक्त त्यांच्यातच बसलं की जर्मन भाषेचा वर्ग पहिला सुटतो.

आईशी वेगळं बोललो. "तू खंबीर आहेस" आणि "एवढा खर्च केलाय" ही दोन्ही वाक्यं बंद, कारण दोन्हींनंतर मूल खरं सांगायचं थांबतं. त्याऐवजी नेमकं विचारा: आज काय जेवलीस, कुठलं पत्र आलं, पैसे किती उरले. परत बोलावण्याच्या प्रश्नावर उत्तर असं दिलं: 15 डिसेंबरपर्यंत तिकिटाचा विषय दोन्ही बाजूंनी काढायचा नाही, त्या दिवशी मोकळेपणाने बोलायचं, आणि परत येणं हा तेव्हाही खरा पर्याय असेल. दार उघडं आहे हे कळलं की मूल दारापाशी कमी घुटमळतं.

याला अपवाद आहेत आणि आईची भीती त्यांचीच होती, म्हणून मुलीला थेट विचारलं: मरावंसं, नाहीसं व्हावंसं वाटतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती नाही म्हणाली, नीट सांगितलं. हो म्हणाली असती, किंवा दोन आठवडे झोप-जेवण तुटून खोलीबाहेर पडणंच थांबलं असतं, तर थांबा-बघा म्हणायची सोय नव्हती. तिथे जिवाला धोका असेल तर 112, रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117. विद्यार्थी सेवा संस्थेचं मानसिक समुपदेशन मोफत असतं, अनेक ठिकाणी इंग्रजीतही. त्याची अपॉइंटमेंट बरं वाटत असतानाच मागून ठेवावी, कारण थांबावं लागू शकतं. इथल्या आईवडिलांचीच झोप उडाली असेल तर त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आलं, तीन दिवसांनी पिन. पाठोपाठ रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र आलं, घरटी महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी भरावंच लागतं. सामायिक फ्लॅटमध्ये मात्र एकाने भरलं की पुरतं, म्हणून आधी शेजारणींना विचारायचं. त्या निमित्ताने ती पहिल्यांदा शेजारच्या दोघींशी अर्धा तास बोलली. रडणं थांबलं असं नाही. रविवार अजून जड जातो, ती तो दुपारच्या फोनसाठी राखून ठेवते.

आईने दिवाळीच्या आधीच फराळ पाठवला होता. आम्हाला आधी विचारलं असतं तर पेढे आणि तूप काढायला सांगितलं असतं, दुधाचे पदार्थ टपालाने तिकडे चालत नाहीत. पार्सलवर यादी आणि किंमत धड लिहिलेली नव्हती. 45 युरोपर्यंतच्या घरगुती भेटीवर कर लागत नाही, पण किंमतच दिसली नाही तर कस्टमवाले बोलावतात. दिवाळी उलटून तीन आठवड्यांनी त्याची चिठ्ठी आली, नाव लावलेल्या पेटीत. पेढे तिथेच काढून घेतले गेले. चकल्यांचा चुरा झाला होता, तो तिघींनी दह्यात घालून खाल्ला.