घर सोडण्यापूर्वी चार्ज घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्रवेश निश्चित झाल्याचा आनंद त्यात चार ओळींत आटोपला आहे आणि उरलेली दोन पाने आई-बाबांच्या तक्रारींनी भरली आहेत, याची मला गंमत वाटली. आई रोज एक नवी वस्तू आणून बॅगेत ठेवते, तू ती रात्री काढतोस आणि सकाळी ती पुन्हा बॅगेत असते. बाबा एरवी आठवडाभरात जेवढे बोलत नाहीत तेवढे हल्ली एका संध्याकाळी बोलतात आणि तेही सगळे सूचनांच्या स्वरूपात. शिवाय परवा टॉवेल किती न्यायचे यावरून घरात जे भांडण झाले, त्याची तुला स्वतःलाच लाज वाटते आहे. ‘त्यांना कसे समजावू?’ असे तू विचारले आहेस. समजावण्याच्या भानगडीत पडू नकोस, हे माझे पहिले सांगणे. ते तयारी करत आहेत, आणि ती तुझ्या बॅगेची आहे असा तुझा समज झाला आहे. कदाचित त्यांचाही तसाच झाला असेल.

मी अकरा वर्षे एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो, हे तुला ठाऊक आहे. दर वर्षी प्रवेशाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मजल्यांवरून एक फेरी मारण्याची माझी सवय होती. तोपर्यंत सामान लावून झालेले असे, कपाटांना कुलपे लागलेली असत आणि तरीही आईवडील खोलीबाहेर पडलेले नसत. एका वर्षी एक गृहस्थ खोलीतला नळ उघडून बंद करून पाहत होते, मग खिडकीची कडी, मग पुन्हा नळ. मी दारातून विचारले, ‘‘काही गळते आहे का?’’ त्यांनी माझ्याकडे न पाहताच ‘‘नाही, चांगला आहे,’’ असे उत्तर दिले आणि नळ आणखी एकदा घट्ट केला. पलंगाजवळ त्यांच्या पत्नी चादरीचे कोपरे ओढून ओढून बसवत होत्या. मुलगा भिंतीला टेकून, कधी जातात हे लोक, अशा चेहऱ्याने उभा होता. त्या खोलीत करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि नेमके तेच त्या दोघांना सोसवत नव्हते.

अठरा वर्षे ज्यांच्या हाताला तुझे काम होते, त्यांचे ते काम एका दिवसात सुटणार आहे. त्यातले जेवण, कपडे, फी हे दिसणारे काम थोडे आहे. न दिसणारे फार. दातांच्या डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचे, कोणत्या औषधाने तुझ्या अंगावर पुरळ उठते, अर्जाची शेवटची तारीख कोणती, परीक्षेच्या आदल्या रात्री तुला किती वाजता दामटून झोपवायचे, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. कचेरीत माणसाची बदली झाली की तो जाण्यापूर्वी पुढच्या माणसाला चार्ज देतो; किल्ल्या, फायली, अर्धवट राहिलेली कामे, सगळे दाखवून देतो. तुझ्या घरी मात्र चार्ज देण्याऐवजी बॅग भरणे चालले आहे, कारण बॅग भरता येते. म्हणून माझी सूचना अशी की वाद घालणे सोडून दे आणि उरलेल्या सहा आठवड्यांत त्यांच्याकडून चार्ज घे. त्यात तुझी तयारी होईलच, पण त्यांची अधिक होईल, कारण तू एखादे काम करत असताना बाजूला उभे राहून ते पाहण्याचा सराव त्यांना आजवर झालेला नाही.

सुरुवात मोबाइलपासून कर. तुझे बँकेचे खाते, विद्यापीठाच्या प्रवेशाचे खाते, ई-मेल, या सगळ्यांना कोणाचा क्रमांक जोडलेला आहे ते एकदा बसून पाहा. अर्ज भरले तेव्हा बाबांनी सोयीसाठी स्वतःचा क्रमांक दिला असण्याचीच शक्यता अधिक आहे. तसे असेल तर प्रत्येक ओटीपी घरी वाजेल आणि तू परक्या गावात एखाद्या खिडकीसमोर रांग अडवून त्यांना फोन लावत बसशील. ते त्या वेळी बैठकीत असतील किंवा झोपलेले असतील. असे गोंधळ मी दर वर्षी पाहिले आहेत. घरी असतानाच सगळीकडे तुझा क्रमांक आणि तुझा ई-मेल नोंदव, पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्याची सोय कोणत्या पत्त्यावर आहे तेही तपास, आणि हे काम बाबांच्या शेजारी बसून कर. एकट्याने उरकण्यापेक्षा शेजारी बसण्याला वेळ जास्त लागतो, आणि तो लागू दे.

दुसरे, औषधांचे. आईने डबा भरला असेल; तो जसाच्या तसा उचलून नेऊ नकोस. तिच्यासमोर तो उघडून प्रत्येक गोळी कशासाठी, किती आणि केव्हा घ्यायची नाही, हे तिला विचारून स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिही. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा प्रौढ माणसाने 24 तासांत 4 ग्रॅमपेक्षा, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा, जास्त घ्यायची नसते, आणि वजन कमी असेल तर ही मर्यादाही खाली येते. सर्दीच्या पुष्कळ तयार औषधांत पॅरासिटामॉल असतेच. ताप आणि सर्दी एकदम आली की मुले दोन्ही घेतात आणि बेरीज करत नाहीत. लसीकरणाच्या नोंदीची प्रतही जवळ ठेव. वसतिगृहात पुष्कळ तरुण दाटीने राहतात, त्यामुळे मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचा, संसर्ग तेथे सहज पसरू शकतो, आणि म्हणून काही विद्यापीठे त्या लशीचा दाखला प्रवेशाच्या वेळीच मागतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण इतरांना शहाणपण शिकवणाऱ्याने ती सांगितली पाहिजे. माझा मुलगा शिकायला गेला तेव्हा मी अधीक्षक म्हणून आठ वर्षे पालकांना ‘मुलांना सारखे फोन करू नका’ असे ऐकवून चुकलो होतो. तरी पहिले सबंध सत्र मी त्याला रोज पहाटे सहाला फोन करून उठवले. त्याने सांगितले नव्हते. मीच सुरू केले आणि त्याला ते बरे पडले. सत्राच्या परीक्षेत एका रात्री माझा फोन चार्जिंगला लावायचा राहिला. सकाळी मी उठलो तोवर त्याचा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता, आणि तो तेव्हा झोपेतच होता. मला दोष देण्याइतका तो मूर्ख नव्हता, पण त्या सत्रात मी त्याला उठवण्याचे काम केले की त्याने उठण्याचे शिकावे यात मोडता घातला, याचा हिशेब मी पुष्कळ दिवस करत होतो. तुझ्या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते आणि झोप तर 7 ते 9 तास लागते, म्हणून सकाळी उठण्याचा चार्ज आजच घे. उद्यापासून आईने हाक मारायची नाही, उशीर झाला तर होऊ द्यायचा, असे तिला सांग. दाराबाहेर गप्प उभे राहणे तिला तुझ्या उठण्यापेक्षा जड जाईल, तरी सांग.

कायद्याची एक बाजूही घरात बोलून घे, कारण ती पालकांना ऐन वेळी कळते आणि फार लागते. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सर्वसाधारणपणे 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक म्हटले आहे, आणि बहुतेक देशांत प्रौढत्वाचे वय 18 च आहे. तू आता ती रेषा ओलांडली आहेस. म्हणजे खोलीच्या करारावर तुझी सही चालते आणि त्यातल्या अटीही तुलाच बांधतात; आणि अनेक ठिकाणी तुझा निकाल किंवा तुझा आजार तुझ्या संमतीशिवाय आईवडिलांनाही सांगितला जात नाही. कार्यालयातून ‘आम्हाला सांगता येणार नाही’ हे वाक्य ऐकून पांढराफटक पडलेला बाप मी पाहिला आहे. काय कळवायचे, कोणी कळवायचे आणि अडचणीच्या प्रसंगी कोणाला फोन जावा, हे तू आधीच ठरव, त्यांना सांग आणि विद्यापीठाकडे तसे लिहून दे. सगळे कळवलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. आपल्याला काय कळणार नाही, एवढे तरी त्यांना आधी ठाऊक असावे.

घरच्या आठवणीबद्दल तू काही लिहिले नाहीस, त्या अर्थी तुला तिची भीती वाटते आहे असे मी धरतो. ती येईल. 1688 साली बासेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या दुखण्याला ग्रीकमधील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांत बर्नहून बासेलला शिकायला आलेला एक तरुण आहे. हे अंतर आजच्या रस्त्याने जेमतेम 100 किलोमीटर असेल, पण तो अगदी खंगून गेला होता; आणि घरी न्यायचे ठरून प्रवास सुरू झाल्यावर वाटेतच त्याला बरे वाटू लागले. मला यातले ‘वाटेतच’ महत्त्वाचे वाटते. घराच्या भिंती अजून दृष्टीसही पडल्या नव्हत्या, तरी जाता येते एवढ्याने त्याला उतार पडला. म्हणून पहिली सुट्टी कधी आणि घरी कोणत्या तारखेला यायचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेव, आणि मग मधल्या प्रत्येक रविवारी घरी पळू नकोस. हे दुखणे बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरते. ते वर्गात येत नाही, दिवे मालवल्यावर येते. मात्र झोप, जेवण आणि वर्ग या तिन्ही गोष्टी दोन आठवडे सलग बिघडल्या, तर ते घरच्या आठवणीवर ढकलू नकोस. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

याच्याशीच जोडलेली फोनची एक गोष्ट आहे आणि ती तरुणांना कोणी सांगत नाही. तुला अगदी उदास वाटेल त्या रात्री तू आईला फोन करशील, अर्धा तास सगळे ओकून टाकशील, हलका होऊन झोपशील आणि सकाळी मित्रांबरोबर हसत वर्गात जाशील. आईला त्यातली सकाळ दिसत नाही. तिच्याजवळ रात्रीचा फोन राहतो आणि ती तो दिवसभर बाळगते. फोन जरूर कर, पण दुसऱ्या दिवशी ‘आता बरा आहे’ एवढे तीन शब्द लिहून पाठव. माझ्या मुलाने ते एकदाच पाठवले होते; मी ते अजून पुसलेले नाहीत.

टॉवेलवरून झालेल्या भांडणाची लाज वाटून घेऊ नकोस. शेवटच्या काही आठवड्यांत पुष्कळ घरांत क्षुल्लक कारणांवरून अशी भांडणे होतात, आणि माझा तर्क असा की रागावलेल्या माणसाला निघणेही सोपे जाते आणि पाठवणेही. ते ओळखता आले तर भांडण लवकर मिटते. मात्र या गडबडीत धाकट्या बहिणीला विसरू नकोस; तू गेल्यावर दोघांचे सगळे लक्ष तिच्या एकटीवर येणार आहे आणि तिला याबद्दल कोणी विचारलेले नाही. आई-बाबांना दुःखच होईल असेही गृहीत धरू नकोस. काहींना चक्क मोकळे वाटते, आणि मोकळे वाटल्याची खंत मग महिनाभर पुरते. पहिल्या सुट्टीत तुझ्या खोलीत बाबांचे टेबल आलेले दिसले, तर मनाला लावून घेऊ नकोस. त्यांचे बरे चालल्याची ती खूण आहे.

निघण्याच्या दिवसाबद्दल माझा अनुभव सांगतो आणि पत्र पुरे करतो. खोलीत निरोप घेऊ नये. तेथे कोणालाच उठता येत नाही. त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला तू जा आणि गाडी वळेपर्यंत थांब. त्यापूर्वी खोलीतले एक काम मात्र मुद्दाम बाकी ठेव. पलंगावर चादर तुला घालता येते हे आईला तोवर माहीत झालेले असेल, तरी त्या दिवशी ती तिला घालू दे. आणि टॉवेल ती म्हणते तेवढे ने. अकरा वर्षांत वसतिगृहाच्या दोरीवरून सगळ्यांत जास्त काय नाहीसे झाले असेल, तर ते टॉवेलच.

तुझा,
सर